‘ढ’ची शिकवणी

मराठीतली सर्वांत आखूड शिवी एका अक्षराची आहे. ब्राह्मी लिपीतली बाकीची अक्षरे दोन हजार वर्षांत वळणे घेत घेत आजच्या देवनागरीपर्यंत आली; ‘ढ’ मात्र सम्राट अशोकाच्या काळी जसे होते जवळपास तसेच राहिले. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची एक उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, शब्द मोठा सोयीचा आहे. तो एकदा उच्चारला की शिक्षकांची सुटका होते, आईबापांना दैवाकडे बोट दाखवता येते आणि वर्गातल्या इतर मुलांना हसायला एक हक्काचा माणूस मिळतो.

ज्याला तो चिकटतो त्याचे पुढे काय होते, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पहिली-दुसरीत हे मूल गप्प बसायला शिकते. तिसरी-चौथीत शाळेच्या वेळी त्याचे पोट दुखू लागते. पाचवी-सहावीत ते मागच्या बाकावर स्थिरावते. आठवीपर्यंत वर्गाबरोबर कसेबसे पुढे ढकलले जाते आणि नववीत एक दिवस त्याचा शाळा सोडल्याचा दाखला तयार होतो. दाखल्यावर कारण लिहिलेले असते ‘घरगुती अडचण’. खरे कारण लिहायला त्या फॉर्मवर रकाना नसतो. वाचता येत नाही म्हणून शाळा सुटलेल्या मुलांत सगळीच एका कारणाने अडलेली नसतात. पण त्यांतली काही मुले अशी असतात की ज्यांची बुद्धी शाबूत असते, डोळे-कान ठीक असतात, शाळाही नियमित झालेली असते आणि तरीही अक्षर किंवा अंक त्यांच्या हाती लागत नाही. या अवस्थेला आज अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लिहिण्याच्या अडचणीला डिसग्राफिया आणि गणिताच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया अशी तिची जड नावे आहेत.

मी या क्षेत्रातला तज्ज्ञ नव्हे. नोकरी बँकेत केली, तीही बरीचशी नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या शाखांत. आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. परंतु बँकेचा काउंटर ही माणसे वाचण्याची नामी जागा असते. पैसे काढण्याच्या स्लिपवर रक्कम दोनदा लिहावी लागते, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी. अंकी रकाना भरलेला आणि अक्षरी रकाना कोरा अशी स्लिप पुढे करणारे खातेदार मी शेकड्यांनी पाहिले. ‘चष्मा घरी राहिला, साहेब, तेवढं तुम्हीच लिहा,’ असे ते म्हणत. हीच माणसे उसाचे टनेज, दर, सोसायटीची कपात आणि हाती येणारी रक्कम उभ्या उभ्या तोंडाने सांगत, आणि ती रुपयाला चुकत नसे. त्यांतले काही शाळेचे तोंडही न पाहिलेले होते. पण काही सातवी-आठवीपर्यंत बाकावर बसून आलेले होते. कोण कशामुळे अडला हे काउंटरमागून सांगता येत नव्हते. एवढे मात्र दिसत होते की, अक्कल आणि अक्षर ही दोन वेगळी खाती आहेत. एकात शिल्लक नाही म्हणून दुसरेही रिकामे असेल असे नाही.

ही गोष्ट युरोपातल्या डॉक्टरांच्या ध्यानात एकोणिसाव्या शतकातच आली होती. १८७७ साली आडोल्फ कुसमाऊल या जर्मन वैद्याने ‘शब्दांधत्व’ अशा अर्थाची संज्ञा वापरली आणि दहा वर्षांनी रुडॉल्फ बर्लिन या नेत्रतज्ज्ञाने डिस्लेक्सिया हा शब्द घडवला. पण त्यांच्यापुढचे रुग्ण मोठ्या वयाचे होते. मेंदूला इजा होऊन त्यांचे वाचन गेले होते. जन्मतःच ही अडचण असलेल्या मुलाचे पहिले ठळक वर्णन केले ते इंग्लंडमधल्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी, १८९६ साली, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये. त्यांचा पर्सी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा खेळात तरबेज होता, गणितात चांगला होता. पण स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करीत होता. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा त्याच्या मास्तरांचा अभिप्राय मॉर्गननी नोंदवून ठेवला आहे. १९६३ साली सॅम्युएल कर्क या अमेरिकन अभ्यासकाने अशा मुलांच्या पालकांसमोर बोलताना या सगळ्या अडचणींना मिळून ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हे नाव सुचवले आणि तेच पुढे रूढ झाले.

आता कोणी म्हणेल, हा इंग्रजीचा आजार आहे. स्पेलिंगचा घोळ त्यांच्याकडे, आपली भाषा बोलावी तशी लिहिली जाते. यात अर्धे सत्य आहे. मराठीत अक्षराचा उच्चार बहुतेक ठिकाणी ठरलेला असल्यामुळे अडचण असलेले मूलही हळूहळू बरोबर वाचू लागते. पण ते इतके सावकाश वाचते की ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असते. इंग्रजीत अशा मुलाची चूक ऐकू येते. मराठीत त्याचा फक्त संथपणा दिसतो, आणि संथपणाला आपण आळस म्हणतो. मराठी शाळांत ही मुले लपून राहतात याचे हे एक कारण असावे.

शिवाय देवनागरीच्या स्वतःच्या खोड्या आहेतच. आपल्याला त्या जाणवत नाहीत, कारण त्या आपण कधीच्या गिळून टाकल्या आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि तिचा उच्चार मात्र नंतर करायचा. रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि ऐकू येतो त्याच्या आधी. एकच ‘र’ सूर्यात एक रूप घेतो, प्रकाशात दुसरे, ट्रकमध्ये तिसरे आणि तऱ्हेत चौथे. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष यांच्यात एखाद्या गाठीचा किंवा एका रेघेचा फरक. आकड्यांची तऱ्हा आणखी निराळी. एकवीस म्हणताना आधी एक येतो, मग वीस; म्हणून मूल ऐकल्याप्रमाणे १२ लिहिते. एकोणतीस म्हणताना तोंडात तीस असतात आणि कागदावर दोनावर नऊ काढायचे असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! वृत्तपत्रांत लेख आले, विधिमंडळातही विनोद झाले. जोडाक्षरांची संख्यानामे लहान मुलांना जड जातात, हे गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या. त्या २०२३ साली गेल्या. भाषेच्या अभिमानाची बाजू मला समजते. पण त्या वादात, आकडा उलटा लिहिला म्हणून मार खाणाऱ्या मुलाची बाजू फारच थोड्यांनी घेतली, हेही तितकेच खरे.

अशा मुलासाठी पालक काय करतात? शिकवणी लावतात. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, कुठल्याही गावात जा, क्लासच्या पाट्या मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. शाळेत जे चाळीस मिनिटे चालले तेच क्लासमध्ये तासभर, तशाच फळ्यावर आणि तशाच वेगाने चालते. एकदा समजले नाही ते दुसऱ्यांदा मोठ्या आवाजात सांगितले की समजेल, असा एकूण हिशेब. ज्या मुलाचा रस्ताच वेगळा आहे त्याला त्याच रस्त्यावर दुप्पट चालवल्याने ते फक्त दुप्पट थकते. मग आहेतच स्मरणशक्तीची औषधे आणि डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवू म्हणणारे वर्ग. त्यांच्या जाहिराती वाचून हतबल आईबाप पैसे मोजतात. मुलाच्या पदरी मात्र आणखी एक अपयश जमा होते.

या मुलांना लागते ती शिकवणी वेगळी. तिची मुळे १९३० च्या दशकातली आहेत. सॅम्युएल ऑर्टन हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिका, या दोघांच्या कामातून एक पद्धत आकाराला आली. तिचे सार सोपे आहे: काहीही गृहीत धरायचे नाही, एका वेळी एकच पायरी शिकवायची, आणि ती कान, डोळा, जीभ व हात यांतून एकाच वेळी आत न्यायची.

ती मराठीत कशी चालते ते मी एका पावसाळ्यात जवळून पाहिले. कादंबरीतल्या एका पात्रासाठी म्हणून मी सावेडीतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे जात असे. विशेष शिक्षणाची पदविका घेतलेल्या या बाई गच्चीवरच्या खोलीत एका वेळी एकाच मुलाला शिकवतात. तेव्हा त्यांच्याकडे पाचवीतला एक मुलगा येई. शेवगावकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला; मावशीकडे राहायला नगरात आलेला. वडील शनिवारी यायचे. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, ‘‘सायेब, पोराला समदं कळतं. मोटार खोलून परत जोडतंय. पण वाचायचं म्हणलं की अडतंय.’’

तास पाऊण तासाचा. पहिली पाच मिनिटे पुस्तक नाही, फक्त कान. ‘‘कपाटमधला क काढला तर काय राहील रे बाळा?’’ ‘‘पाट.’’ ‘‘आणि पाटीतला पा काढला तर?’’ मुलगा थांबे, ओठ हलवी. ‘‘टी.’’ शब्द हा आवाजांचा बनलेला असतो आणि ते आवाज सुटे करता येतात, हे आपल्याला न शिकवता कळते. या मुलांना ते शिकवावे लागते. मग परातीत पसरलेल्या रव्यावर बोटाने अक्षर गिरवायचे आणि गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. भ शिकवला की म महिनाभर येणार नाही. सारखी दिसणारी दोन अक्षरे कधी जोडीने आणायची नाहीत, हा बाईंचा नियम. मग वाचन, पण ज्यातली सगळी अक्षरे शिकवून झाली आहेत अशाच शब्दांचे, म्हणजे अंदाजाने ठोकून द्यायला जागाच नको. मग तीन-चार शब्दांचे श्रुतलेखन. आणि शेवटची पाच मिनिटे आधीच पक्के येते त्याचे वाचन, कारण मुलाने हरलेल्या चेहऱ्याने जिना उतरता कामा नये.

बाईंच्या टेबलावर एक नोंदवही असे. कोणते अक्षर कोणत्या तारखेला घेतले, दहांपैकी किती वेळा बरोबर आले, सगळे तारीखवार. दहांत नऊ झाल्याशिवाय पुढचे पान नाही. मला आमचा कॅशियर आठवे. ताळा जुळल्याशिवाय तो संध्याकाळी घरी जात नसे. रफाराला ते आले तेव्हा बाईंनी पुस्तक बाजूला ठेवले आणि एसटीच्या पाट्या घेतल्या. कर्जत, पाथर्डी, शिर्डी! आपल्या जिल्ह्याच्या नकाशात रफाराचा पाठ तयारच होता. ‘र आधी ऐकू येतो, पण बसायला पुढच्याच्या डोक्यावर जातो,’ असे म्हणत त्या मुलाने पंधरा दिवस तीच तीन गावे वाचली आणि रव्यात लिहिली. मग श्रीरामपूर आणि श्रीगोंदा. दिवाळीच्या आसपास तो स्टँडवर वडिलांच्या आधी गाडीची पाटी वाचू लागला. वडिलांनी मला हे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज जरा हलला होता. मुलगा आजही भराभर वाचत नाही. बहुधा कधीच वाचणार नाही. पण तो वाचतो.

म्हणजे ही शिकवणी म्हणजे जादू नव्हे. ती वर्ष-दोन वर्षे चालते, आठवड्यातून दोन-तीनदा, एकास एक. ती महाग पडते ती माणसाच्या वेळामुळे. साहित्यात तर वाटीभर रवा आणि एक परात. आणि इथेच आपल्या व्यवस्थेची खरी गोम आहे.

अध्ययन अक्षम मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र मागासलेला नव्हता. डॉ. मॉर्गननी पर्सीची हकिकत लिहिली त्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे १९९६ साली, राज्य शासनाने शालान्त परीक्षेत या मुलांना सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या पातळीचे अंकगणित घेण्याची मुभा. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या तपासणी केंद्राने या विषयावर पुष्कळ काम केले. केंद्राच्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात मात्र अध्ययन अक्षमतेचा उल्लेखही नव्हता. तो यायला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा यावा लागला. त्यात अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या सातावरून एकवीसवर गेली आणि अध्ययन अक्षमता त्यांत आली. दरम्यान २००७ च्या ‘तारे जमीन पर’ने हा विषय घराघरांत नेला. त्यातली निवासी शाळा पाचगणीची, म्हणजे आपल्याच मुलखातली.

हे सगळे चांगलेच झाले. सवलतीमुळे कितीतरी मुलांची दहावी निभावली. परंतु शेतीकर्जाचे अर्ज हाताळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यात एक ओळखीचे चित्र दिसते. सवलत ही कर्जमाफीसारखी असते. बुडणाऱ्याला ती त्या वर्षी वाचवते, म्हणून ती द्यायलाच हवी. पण त्याच्या रानात पाणी ती आणत नाही. त्याला विहीर लागते. विशेष शिकवणी ही विहीर आहे. आपण दहावीच्या हॉलमध्ये मुलाला जादा वेळ दिला, पण त्याआधीच्या नऊ वर्षांत वाचायला शिकवले नाही, तर त्या जादा वेळात त्याने काय करायचे? २०१६ च्या कायद्याचे कलम १६ उघडून पाहावे. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून तीवर मात करण्यासाठी योग्य अध्यापनाचे उपाय करावेत, असे ते सरकारी व मान्यताप्राप्त शाळांबाबत सांगते. सवलत त्याच्या पुढची गोष्ट.

ओळखणे हीदेखील सोपी बाब नाही. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिसरीच्या सुमारास शाळेत प्राथमिक चाचणी आणि मग बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक अशा चमूकडून तपासणी, असा क्रम घालून दिला. पण अशी तिन्ही माणसे एका ठिकाणी मिळायची ती मोठ्या शहरात. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या आपल्या जिल्ह्यात अकोले किंवा जामखेडहून नगरला येऊन परत जायचे म्हटले की दिवस मोडतो. मजुरी बुडते ती वेगळीच. प्रमाणपत्रासाठी एकदा हा खर्च होईलही. आठवड्यातून तीनदा शिकवणीसाठी कसा होणार?

आणखी एक गुंता आपल्या भागाचा खास आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलाला चौथीत वाचता येत नसेल तर ती अक्षमता नव्हे. त्याला कोणी शिकवलेलेच नाही. व्याख्या हे बजावून सांगते. पण फड हिंडून आलेल्या दहा मुलांत एकाला दोन्ही अडचणी असू शकतात आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. यावरचा व्यवहारी मार्ग असा की, आधी सगळ्यांनाच नीट, पायरीपायरीने शिकवावे. बहुतेक मुले काही महिन्यांत मार्गी लागतात. तरीही जी अडून राहतात त्यांना वेगळी शिकवणी द्यावी आणि तपासणीला पाठवावे. मराठीत तपासायची साधने नाहीत, ही सबबही आता जुनी झाली. मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही चाचण्या उपलब्ध केल्या आहेत.

राहिला प्रश्न माणसांचा. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विशेष गरजा असलेल्या मुलांमागे किती विशेष शिक्षक असावेत, याचे प्रमाण सांगितले. गट पातळीवरचा विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरत असतो. त्याच्या एका भेटीतून दुसऱ्या भेटीपर्यंत अक्षर विसरले जाते. म्हणून प्रत्येक केंद्रशाळेत निदान एका शिक्षकाला ही पद्धत नीट शिकवली, आणि त्याला निवडणुका-सर्वेक्षणांतून सोडवून रोज दोन तास याच कामासाठी दिले, तरी पुष्कळ साधेल. पालकांना सांगायचे ते थोडके आहे. तिसरीपर्यंत वाट पाहावी, पण नववीपर्यंत पाहू नये. शिकवणारा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे का, हे विचारावे. विचारण्यात संकोच कसला? घरी मुलाला रोज दहा मिनिटे वाचून दाखवावे, म्हणजे अक्षर येईपर्यंत गोष्टींशी त्याची फारकत होणार नाही. आणि आईला दोष देणे थांबवावे. माझ्या पाहण्यात तरी प्रत्येक घरात पहिला आरोप तिच्यावरच होतो. दोष ना तिचा, ना मुलाचा.

आज अहिल्यानगर म्हणवणाऱ्या या गावाला असल्या कामाचे वावडे असायचे कारण नाही. मुलींना अक्षर येणारच नाही, असे ज्या काळी शहाणीसुरती माणसे म्हणत होती त्या काळी सिंथिया फरार या मिशनरी बाई इथे मुलींच्या शाळा चालवीत होत्या. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे इथेच घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना शिकवता येणार नाही असे वाटते त्यांना शिकवण्याची एक रीत असते, ती शोधावी लागते, एवढेच त्या बायकांनी सिद्ध केले.

जूनमध्ये शाळा उघडतील. जिल्ह्यातल्या कुठल्या तरी पहिलीच्या वर्गात एक मूल भ आणि म यांच्याकडे आळीपाळीने पाहत बसलेले असेल. त्याच्या शिक्षिकेच्या ओठांवर ‘ढ’ येईल, की ती घरून येताना वाटीभर रवा घेऊन येईल, यावर त्या मुलाची नववी अवलंबून आहे.